खाट की खातं?

शिकायला गाव सोडणाऱ्या गरिबाच्या पोराला सरकारने नेमकं काय द्यावं, वसतिगृहातली खाट की बँकेच्या खात्यात पैसे? वाद ऐकायला कोरडा वाटतो. मी तो ज्या दोघांच्या तोंडून ऐकला त्यांच्यात मात्र चांगलीच खडाजंगी झाली. मामा मराठवाड्यात समाजकल्याण खात्याच्या मुलांच्या वसतिगृहावर गृहपाल होते, आता निवृत्त. त्यांची भाची 'स्वाधार'च्या पैशांवर पुण्यात शिकली आणि आता तिथेच वकिली करते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला दहावीनंतर शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याच्या खात्यात जेवणाचे, राहण्याचे आणि किरकोळ खर्चाचे पैसे जमा होतात. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच 'स्वयम्' योजना आहे, पुढे ओबीसींसाठी 'आधार' आली.

संवादातून वाद घालायची रीत आपल्याकडे जुनी. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३) धोंडिबाच्या प्रश्नांवरच पुढे सरकते. फरक इतकाच की धोंडिबाला अखेर सगळं पटतं. इथे धोंडिबा व्हायला कुणीच तयार नव्हतं.

मामा : वसतिगृह चालवायचं म्हणजे जागा आली, इमारत आली, गृहपाल, स्वयंपाकी, पहारेकरी, पाण्याची टाकी आली. खात्यात पैसे टाकायला एक कारकून आणि एक पोर्टल पुरतं. सोपं काय ते सरकारला कुणी शिकवावं लागतं का? तुझा स्वाधार म्हणजे हात झटकणं आहे, बाई.

भाची : मी पुण्यात वसतिगृहाला अर्ज केला होता, मामा. यादी लागली, नाव नाही. त्याच वर्षी तुमच्या तालुक्याला खाटा रिकाम्या पडल्यात असं तुम्हीच आईला सांगत होता. पोरं जातात पुण्याला, लातूरला, संभाजीनगरला. इमारत उठून त्यांच्या मागे जात नाही. पैसा जातो.

मामा : जातो. पोचतो कधी ते सांग.

भाची : त्यावर येऊ आपण. आधी हे सांगा, अठरा वर्षांची मुलगी मत द्यायला शहाणी आणि संध्याकाळी सातला गेटच्या आत, हे कसं?

मामा : गेटचं कुलूप काय मी शोधून काढलं? शेजारच्या मुलींच्या वसतिगृहात बाप लोक यायचे आणि गृहपालबाईंना म्हणायचे, गेट लावत असाल तर पोरगी ठेवतो, नाहीतर घेऊन जातो. त्या कुलपाच्या जोरावर कितीतरी पोरी गावातून सुटल्या. तुला ते कुलूप दिसतं. त्यांना त्याच्या अलीकडचं गाव दिसत होतं.

भाची : माझा बापही त्यातलाच होता, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शब्द टाकलात म्हणून मला पुण्याला पाठवलं.

मामा : मग?

भाची : मग काय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत चार खाटा. भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. खाटेखाली पेटी, भिंतीला एकच प्लग, मोबाईल चार्जिंगला लावायच्या पाळ्या. डबा दोघींत मिळून एक. चार पोळ्या, सुकी भाजी, वरण, भात. दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत वरण आंबायचं, म्हणून ते दुपारीच संपवायचं आणि रात्री भाताला लोणचं.

मामा : आणि ह्याला तू स्वातंत्र्य म्हणतेस.

भाची : म्हणते. लोणचं कुठलं ते मी ठरवलं होतं.

यावर मामा हसले. मला हसू आलं नाही. निवासाचे वीस हजार दहा महिन्यांवर पसरले तर महिन्याला दोन हजार होतात, भोजनाचे तीन हजार दोनशे. पुण्यात या हिशेबात ज्यांनी राहून दाखवलं त्यांना अर्थशास्त्राचा वेगळा पेपर द्यायची गरज नसावी. पण रक्कम तोकडी आहे म्हणून रोख पैसे देण्याची कल्पनाच चूक ठरत नाही. तोकडी रक्कम वाढवता येते. मामांचा आक्षेप याहून खोलातला होता आणि तो काढायला ते थेट कोल्हापुरात गेले.

मामा : शाहू महाराजांनी शिष्यवृत्त्या दिल्या नाहीत का? दिल्या. तरी १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मागोमाग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं. १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क. कारण खेड्यातला पोरगा खिशात रुपये घेऊन आला तरी कोल्हापुरात त्याला कोण ठेवून घेणार, हे महाराजांना दिसत होतं.

भाची : आणि बडोद्याचे सयाजीराव? १९१३ साली त्यांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. न्यूयॉर्कला कुणी बोर्डिंग बांधलं नाही. पैसे दिले आणि माणसावर विश्वास टाकला. त्याचं काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं.

मामा : न्यूयॉर्कला त्यांना राहायला जागा मिळाली, बाई. बडोद्यात मिळाली नाही. १९१७ ला बाबासाहेब परत आले तेव्हा पदवी होती, नोकरी होती, पगारही होता. कुणी दिली खोली? पारशांच्या पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहिले आणि एका सकाळी काठ्या घेऊन माणसं दारात उभी. परदेशातली पदवी हातात आणि डोक्यावर छप्पर नाही. मग १९२५ साली त्यांच्याच बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात काय काढलं? वसतिगृह. पैसा खिशात असून काय होतं हे ज्याने भोगलं, त्यानेच खाटा मांडल्या.

भाची : हे मला सांगावं लागत नाही. खोली बघायला गेले की पहिला प्रश्न आडनाव. आडनावावरून उमगलं नाही तर दुसरा : नॉनव्हेज खाता का? पण मामा, बडोद्यात खोली मिळत नाही म्हणून वेगळी इमारत बांधून द्यायची, यात सोय कुणाची झाली? घरमालकाची. त्याला आता 'जागा नाही' एवढंही म्हणावं लागत नाही, 'तुमचं वसतिगृह आहे ना तिकडे' म्हणतो. आणि रिक्षावाल्याला वसतिगृहाचा पत्ता सांगितला की जात सांगितलीच. कॉलेजात माझी एक मैत्रीण वसतिगृहाच्या आधीच्या चौकात उतरायची आणि पुढे चालत जायची.

मामा : माझी पोरं कधी लाजली नाहीत.

भाची : तुम्हाला सांगितलं नसेल त्यांनी.

मामा : तुझ्या त्या शहराच्या चौकात लाजत असतील. माझ्या वसतिगृहात १४ एप्रिलला पोरं रात्रभर जागी असायची, ओटा धुवायची, निळे झेंडे लावायची. तिथे कोण आडनाव विचारणार होतं? चार वर्षं मान वर करून चालायची सवय लागली की पुढे चौक आडवा येत नाही. एकेकट्या खाटेवर ती सवय कुठून लागणार?

भाची : आणि तीच चार वर्षं बाकीच्या पोरांनी काय शिकायचं? की ही पोरं वेगळी राहतात? भाऊराव पाटलांनी हे ओळखलं होतं. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आले आणि आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना बाहेर काढलं. पुढे १९२४ ला साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांचं. एकाच ठिकाणी राहायची, एकाच ठिकाणी जेवायची. ती जातवार बोर्डिंगची रीत त्यांनी मोडली आणि सरकारने शंभर वर्षांनीही ती जोडूनच ठेवलीय.

मामा : मग भाऊरावांनी पोरांच्या हातात रुपये वाटले का? एका पंगतीला बसवलं. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. तू ज्याचं उदाहरण देतेस ते माझ्याच बाजूचं आहे. पंगतीला जागा लागते. ती खात्यात जमा करता येत नाही.

इथे दोघेही बरोबर होते आणि दोघांनाही ते मान्य करायचं नव्हतं. एका चुलीवरचं जेवण जे करतं ते कुठल्याही रकमेने होत नाही, हे मामांचं म्हणणं मला पटतं. पण आज शासकीय वसतिगृह म्हणून जे उभं आहे ते भाऊरावांचं बोर्डिंग नव्हे. ते खात्याचं आहे. अनुसूचित जातींच्या मुलांचं सामाजिक न्याय विभागाकडे, आदिवासींचं आदिवासी विकास विभागाकडे, ओबीसींचं आणखी तिसरीकडे. प्रत्येकात इतर प्रवर्गांच्या थोड्या जागा असतात, पण पाटी एकाच खात्याची. जातवार बोर्डिंगांमागे शाहूंचा त्या काळापुरता व्यवहार होता. मंत्रालयाने त्याचे कायमचे मजले केले. साताऱ्याच्या पंगतीचं नाव भाषणात आणि पाटी कोल्हापूरच्या जुन्या बोर्डिंगांची, असा हा संसार आहे.

मामांचा पुढचा मुद्दा भाचीला जास्त लागला.

मामा : पोरांना पैसे हवेत, मुभा हवी, असं तू म्हणतेस. पोरांना विचारलंस? २०१८ ला आदिवासी खात्याने वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरवलं. तेव्हा पोरं-पोरी पुण्याहून नाशिकला पायी निघाली. वाटेत पोलिसांनी अडवलं. काय मागत होती? स्वयंपाकघर परत द्या. रोख नको, भाकरी द्या.

भाची : रोख नको म्हणत नव्हती. पैसे वेळेवर पडत नाहीत, तोवर जेवायचं काय, असं विचारत होती. खोलीत गॅस लावायची मुभा नाही, मेस बंद, खात्यात शून्य. अशा वेळी मीपण चालत निघाले असते.

मामा : म्हणजे खातं भरवशाचं नाही.

भाची : तुमचं स्वयंपाकघर भरवशाचं होतं? भोजनाचा ठेका कुणाला मिळतो आणि डाळीत पाणी कुणाच्या आशीर्वादाने वाढतं हे मला सांगायला लावू नका.

मामा : माझ्या वसतिगृहात नाही.

भाची : तुम्ही होतात म्हणून नाही. गृहपाल चांगला असला तरच पोरं जेवणार, ही योजना नाही झाली. ते नशीब झालं.

मामा यावर चिडले आणि त्यांनी मैदानच बदललं. कॉलेज सोडून ते थेट उसाच्या फडात गेले.

मामा : ठीक. तुझा स्वाधार दहावीनंतर सुरू होतो. दहावीपर्यंत पोरगी पोचते का? दिवाळीच्या आगेमागे बीडहून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल घेतलेली. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, पाच-सहा महिने तिकडेच. सातवीतली पोरगी कुठे ठेवायची? बरोबर नेली तर तिकडे धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, शाळा सुटली. मागे ठेवली तर आजीजवळ, आणि आईबापाला घोर. तो घोर मिटवायचा एकच मार्ग गावाला माहीत आहे : लग्न लावून द्या. तिच्या खात्यात तू साठ हजार टाक, एक लाख टाक. ती रात्री कुठे झोपणार?

भाची : ते मान्य.

मामा : काय मान्य?

भाची : पोर लहान असेल तर वसतिगृहाला पर्याय नाही. हंगामी वसतिगृह, निवासी शाळा, काहीही म्हणा. २०२१ मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. त्याला मी कशाला विरोध करू? माझं म्हणणं अठरा वर्षांपुढच्यांबद्दल आहे.

मामा : अठराला पोचायच्या आधीच गाळणी लागते, हे तू वकिलीत विसरलीस.

भाची : विसरले नाही. माझ्या बेंचवरच्या दोघी दहावीला नव्हत्या.

मामांनी हे उत्तर ऐकून विषय पुढे ढकलला. मला वाटतं, त्या दोघी त्यांच्याही ओळखीच्या असाव्यात.

एका गोष्टीवर दोघांचं चटकन जमलं, ती म्हणजे फी. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलं. चांगलंच केलं. पण फी हा गरिबाच्या शिक्षणातला कागदावर दिसणारा खर्च. खोली, डबा, एसटी, झेरॉक्स हे कुठल्याच पावतीवर नसतात, म्हणून धोरणातही शेवटी येतात. इंजिनिअरिंगची फी माफ झालेली मुलगी राहायला जागा नाही म्हणून तालुक्याच्या कॉलेजात बीए करते, तेव्हा ती गळती म्हणून कुठल्या तक्त्यात बसत नाही. ती शिकतेच आहे की!

मामा : आता तुझ्या त्या राहिलेल्या प्रश्नावर ये. पैसे कधी पडले होते?

भाची : पहिल्या वर्षीचे पुढच्या उन्हाळ्यात.

मामा : आणि खर्च?

भाची : जूनपासून. जातीचा दाखला होता, जातवैधता होती, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढला. बोनाफाईड, खोलीचा भाडेकरार, हजेरीचा दाखला. भाडेकरारासाठी खोली हवी, खोलीसाठी डिपॉझिट हवं आणि डिपॉझिट स्वाधारमध्ये नाही. मालकीणबाई कराराचं नाव काढताच म्हणाल्या, कसला करार, तोंडी ठरलंय. सगळं जमवून अर्ज गेला तर आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून परत. मेसवाल्या काकांनी उधारी दिली म्हणून शिकले. त्यांच्याकडे एक लांब वही होती. तीत माझ्या नावाचं पान भरलं आणि पुढचंही निम्मं झालं तेव्हा पैसे आले.

मामा : म्हणजे तुला सरकारने शिकवलं नाही. मेसवाल्याने शिकवलं, सरकारने त्याची उधारी फेडली.

भाची : हे मी नाकारत नाही. पण तुमच्या वसतिगृहाची यादी कधी लागायची?

मामा : वरून यायची.

भाची : कधी?

मामा : कॉलेज जुलैत सुरू. यादी... सप्टेंबर. कधी दिवाळीही.

भाची : तोवर पोरं कुठे असायची?

मामा : जुन्या पोरांच्या खोलीत, गेस्ट म्हणून. मी डोळेझाक करायचो. काही तेवढं थांबायची नाहीत, गावाला निघून जायची.

वाद खरा इथे उघडा पडला. खाट की खातं हे महत्त्वाचं आहेच, पण दोन्ही बाजूंनी एकच काळ मोकळा सोडलाय : प्रवेशाच्या दिवसापासून मदत हाती पडेपर्यंतचा. गरिबाचं पोर जे गळतं ते याच काळात गळतं, कारण याच काळात त्याच्याकडे काहीच नसतं. ज्याच्या बापाला एक सत्र उसनवारी झेपते तो टिकतो आणि मागाहून मदतही त्यालाच मिळते. म्हणजे योजना त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्यांना वेचून घेते. रक्कम दुप्पट केली, इमारती दुप्पट केल्या, तरी हा मधला काळ तसाच राहिला तर ही निवड बदलणार नाही. यात पैशाचा प्रश्न कमी आणि क्रमाचा जास्त आहे : आधी कागद तपासायचे मग पैसे, की आधी पैसे मग तपासणी. सरकार ठेकेदाराला कामाआधी आगाऊ रक्कम देऊ शकतं. विद्यार्थ्याचा प्रवेश ऑनलाइन नोंदलेला असतो, जातवैधता सरकारनेच दिलेली असते, तरी भरवसा ठेवायला त्याचा हजेरीचा दाखला लागतो.

हे मी बोलून दाखवलं. दोघांनीही मान डोलावली आणि लगेच पुन्हा भांडायला लागले.

भाची : प्रवेशाची पावती निघाली की त्या आठवड्यात पहिला हप्ता. कागद नंतर. कुणी फसवलंच तर पुढचा हप्ता थांबवा.

मामा : आणि खोली? हप्ता हातात घेऊन ती पुन्हा आडनावाच्या प्रश्नावर उभी. मी सांगतो, खात्याने घरमालकाला हमी द्यावी. भाडं बुडणार नाही, डिपॉझिट आमचं. मग कोण नाही म्हणेल?

भाची : सगळेच. हमीपत्रावर समाजकल्याणचा शिक्का असणार. आज त्यांना आडनाव विचारावं लागतं, उद्या विचारावंही लागणार नाही.

मामा : कॉलेजचा शिक्का असला तर?

भाची : कॉलेजने घरं भाड्याने घ्यायची, स्वतःच्या नावाने, आणि तिथे सगळ्यांना ठेवायचं. स्वाधारवाल्यांना, फी भरणाऱ्यांना, दोन्ही प्रकारच्या पोरांना एका मजल्यावर. भाडं सरकार कॉलेजला देईल.

मामा : आणि स्वयंपाक?

भाची : एक मेस.

मामा : म्हणजे वसतिगृहच झालं की.

भाची : पाटी नसलेलं. आणि सातला गेट नसलेलं.

मामा : गेट राहील. मुलींच्या मजल्याला तरी राहील. नाहीतर तुझा बाप तुला पाठवणार नाही.

भाची : पाठवेल. आता पाठवेल.

मामा : तुझा पाठवेल. शेजारचा?